टीवायचा निकाल सांगता, एफवायचा पटही सांगा

विद्यापीठाचे निकाल लागले की नाशिकच्या कॉलेज रोडला, गंगापूर रोडला आणि तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर फलक लागतात. अमुक शाखेचा निकाल नव्वद टक्के, तमुक विभागाचा शंभर टक्के. हे आकडे खोटे नसतात. भागाकार बरोबर असतो, छेद तेवढा चुकलेला असतो. तृतीय वर्षाच्या, म्हणजे टीवायच्या, परीक्षेला जे बसले त्यांतले किती उत्तीर्ण झाले, एवढेच तो आकडा सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच इमारतीत प्रवेशाच्या रांगेत किती मुले उभी होती आणि त्यांतली किती या परीक्षेपर्यंत पोचली, याचा त्यात पत्ताच नसतो.

हिशेब करून पाहू. समजा, बीकॉमच्या एका तुकडीत पहिल्या वर्षाला १२० जणांनी प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षाच्या पटावर ८४ उरले, परीक्षेला ७६ बसले, ६८ उत्तीर्ण झाले. जाहीर होणारा निकाल ६८ भागिले ७६, म्हणजे ८९ टक्के. पण त्या ६८ मध्ये मागच्या बॅचचे राहिलेले १० जण आहेत. मूळ १२० पैकी तीन वर्षांत पदवीधर झाले ५८, म्हणजे ४८ टक्के. एकाच तुकडीचे हे दोन्ही आकडे खरे. पहिला फलकावर जातो, दुसरा फारसा कोणी काढत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक वरिष्ठ महाविद्यालयाने हा दुसरा आकडा दरवर्षी स्वतःहून जाहीर करावा, असे माझे म्हणणे आहे. त्याशिवाय गळती नेमकी कुठे होते ते दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गळतीसाठी ना पैसा मंजूर होतो ना माणूस मिळतो.

आपली मोजमापाची व्यवस्थाही याला कारण आहे. महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात उत्तीर्णतेचे प्रमाण विचारले जाते ते अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांपैकी. केंद्राचे उच्च शिक्षण सर्वेक्षण मुख्यतः किती जण आत आले ते मोजते. २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार १८ ते २३ वयोगटातले महाराष्ट्राचे पटनोंदणीचे प्रमाण ३५.३ टक्के, देशाचे २८.४. या आघाडीचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातली मुलगी पदवीच्या वर्गात बसते ही मोठी गोष्ट आहे. पण दारातून आत आलेल्यांची मोजणी म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची मोजणी नव्हे. एनआयआरएफ या केंद्राच्या संस्था-क्रमवारीच्या अर्जात मात्र नेमका प्रश्न आहे: पहिल्या वर्षाला किती प्रवेश झाले आणि ठरलेल्या किमान मुदतीत किती पदवीधर झाले. भाग घेणाऱ्या संस्थेला ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवावीही लागते. म्हणजे आकडा काढता येतो, काही जण काढतातही. मग तो क्रमवारीच्या अर्जापुरताच का राहावा? अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना हा आकडा विद्यार्थ्यांसमोर ठेवणे बंधनकारक केले. अभ्यासक्रमाच्या मुदतीच्या दीडपट काळात किती जण पूर्ण करून गेले, असा तो हिशेब असतो. प्रवेश घेणाऱ्याला फी भरण्याआधी तो पाहता येतो.

आपल्याकडे मोजायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे, कारण आपल्या पटावर तीन प्रकारची मुले असतात. काही जण बीएस्सीला नाव घालतात आणि अभियांत्रिकी किंवा फार्मसीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या संपल्या की निघून जातात. काही जण पोलीस भरतीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करताना हाताशी पदवी असावी म्हणून प्रवेश घेतात. आणि उरलेली, सर्वांत जास्त मुले, खरोखर शिकायला येतात. पहिल्यांना गळतीत धरणे अन्यायाचे. त्यासाठी मोजणी ३१ ऑक्टोबरच्या पटावर करावी, असे काही प्राध्यापक सुचवतात. ते मला पटत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात कॅपवाल्यांबरोबरच मुकाट्याने यायची बंद झालेली मुलेही पटावरून जातात, आणि नेमकी तीच आपल्याला शोधायची आहेत.

खूण साधी आहे: शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला. जो दुसरीकडे प्रवेश घेतो तो दाखला काढून नेतो, कारण तिथे तो लागतोच. जो कुठेच गेला नाही त्याचा दाखला महाविद्यालयाच्या कपाटात पडून राहतो. म्हणून छेदात सगळे प्रवेश घ्यावेत, दाखला काढून नेलेले वजा करावेत आणि बाकी सगळे ठेवावेत. भरतीवाल्यांनाही ठेवावे, त्यांनी तीन वर्षांची फी आणि तीन वर्षांचे वय इथे गुंतवलेले असते. ज्या विद्यार्थ्याने अकरावी-बारावी त्याच संस्थेत केली त्याचा दाखला हलतच नाही, तिथे फोन करून विचारावे लागेल. मग तीन आकडे काढावेत: एफवायचे (पहिल्या वर्षाचे) किती जण एसवायला (दुसऱ्या वर्षाला) आले, तीन वर्षांत किती पदवीधर झाले आणि पाच वर्षांत किती. हेच आकडे मुली, अनुसूचित जमाती, बाहेरगावाहून रोज येणारे आणि मराठी माध्यमातून आलेले असे वेगळेही काढावेत. एखाद्या गटात दहापेक्षा कमी विद्यार्थी असतील तर तो आकडा छापू नये, मुले ओळखू येतात.

एकदा असे मोजले की गळती तीन ठिकाणी साचलेली दिसते.

पहिली जागा प्रवेश आणि पहिल्या परीक्षा अर्जाच्या मधली. कोण सोडून जाणार हे वर्गातल्या शिक्षकापेक्षा परीक्षा विभागातल्या लिपिकाला आधी कळू शकते, कारण ज्याने प्रवेश घेतला पण पहिल्या सत्राचा परीक्षा अर्ज भरला नाही, तो बहुधा निघून गेलेला असतो. अर्ज विद्यार्थी ऑनलाइन भरतो, महाविद्यालय तो इनवर्ड करते, म्हणजे दाखल करून घेते. प्रवेशाच्या यादीतून इनवर्डची यादी वजा केली की नावे हातात येतात. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचे काम. ते विलंब शुल्काची मुदत संपण्याआधी केले तर नावामागचे मूल परत येऊ शकते, नंतर केले तर ती फक्त नोंद उरते.

दुसरी जागा एफवायचा निकाल लागल्यानंतरची. चार विषय राहिले, घरी सांगायची सोय नाही, आणि सातपूर-अंबडच्या किंवा सिन्नरच्या कारखान्यात बारावी झालेल्याला कंत्राटी काम मिळते. महिन्याला हातात पैसे येऊ लागले की एटीकेटीचा, म्हणजे राहिलेल्या विषयांच्या परीक्षेचा, अर्ज मागे पडतो.

तिसरी जागा सर्वांत क्रूर आहे, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. पहिल्या वर्षाचे काही विषय राहिले तरी दुसऱ्या वर्षात जाता येते, पण ते न सुटता तिसऱ्याच्या दारात मूल अडकते. याला मुले वायडी म्हणतात, इयर डाऊन. एका विषयासाठी वर्ष घरी. त्या वर्षात नियमित प्रवेश नाही म्हणून बोनाफाइड, म्हणजे विद्यार्थी असल्याचा दाखला, नाही. बोनाफाइड नाही म्हणून एसटीचा सवलतीचा पास नाही, वसतिगृह नाही, शिष्यवृत्ती नाही. तास नाहीत, शिक्षक नाहीत. ज्याला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे त्याचे सगळे आधार आपण एकाच दिवशी काढून घेतो आणि म्हणतो, आता पास होऊन ये. वायडी झालेल्यांसाठी राहिलेल्या विषयाचा आठवड्यातून दोन दिवस तास ठेवणे आणि त्या दोन दिवसांच्या बसभाड्याची सोय करणे, एवढे जरी महाविद्यालयाने केले तरी पाच वर्षांच्या आकड्यात फरक पडेल.

आता कारणांकडे. 'मुलांना शिकायचेच नाही' हे स्टाफरूममध्ये नेहमी ऐकू येणारे कारण आहे. काहींना नसेलही. पण शिकायचे असूनही निसटणाऱ्यांची कारणे पाहिली तर त्यांत बुद्धीचा भाग थोडा आणि वेळापत्रक, कागद आणि भाडे यांचा भाग फार मोठा आहे.

नाशिकचे वेळापत्रक शेती ठरवते. द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते आणि ऑक्टोबरभर चालते. छाटणीमागोमाग पेस्ट, मग फुटव्यांची विरळणी, डिपिंग, शेंडे खुडणे. ही कामे तारखेला बांधलेली असतात, चार दिवस पुढे ढकलता येत नाहीत. पहिल्या सत्राच्या परीक्षा साधारण याच काळात येतात. दुसऱ्या सत्राच्या शेवटी द्राक्षाची काढणी सरत असते आणि मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघतो. बागाईतदाराच्या मुलाला दोन-चार दिवस दांडी मारावी लागते. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या कुटुंबाची गोष्ट वेगळी. भात आणि नागली निघाली की घरेच्या घरे दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. गिरणाऱ्याला तर मजुरांचा बाजारच भरतो. काम एकरावर उक्ते घेतलेले असते आणि टोळीत हात मोजलेले असतात. एक तरणा हात परीक्षेला गेला की सगळ्या टोळीचा हिशेब बिघडतो. या मुलाची हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली म्हणून त्याची टर्म रोखणे हा शिस्तीचा विजय नाही.

विद्यापीठाची परीक्षा महाविद्यालयाला हलवता येत नाही, पण अंतर्गत गुण त्याच्याच हातात आहेत. अंतर्गत चाचणी, जर्नल, प्रात्यक्षिकाची तपासणी ही कामे गोडी छाटणी सुरू होण्याआधी, म्हणजे २० सप्टेंबरपर्यंत उरकता येतात. चुकलेल्या चाचणीसाठी दुसरी तारीख पहिल्या तारखेबरोबरच फलकावर लावता येते. हे वेळापत्रक कृषी दिनदर्शिका शेजारी ठेवून करावे, एवढीच अपेक्षा आहे.

शिष्यवृत्तीचा पैसा अडकतो तो बहुधा पात्रतेवर नव्हे, खात्यावर. बँकेत आधार दिले म्हणजे खाते 'लिंक' झाले असे विद्यार्थी समजतो. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलचा पैसा मात्र आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसा जमा होण्यासाठी आधारला जोडलेल्या, खात्यातच जातो, आणि असे खाते एका वेळी एकच असते. गावच्या बँकेत पहिले खाते, मग मोबाइलवरून उघडलेले दुसरे. शेवटचे सीडिंग ज्याचे, पैसा तिकडे. तो आला हे मुलाला कळतही नाही, किंवा ते खाते बंद पडलेले असले तर रक्कम परत जाते. दुसरी अडचण मोबाइल क्रमांकाची. सायबर कॅफेत अर्ज भरताना कॅफेवाल्याचा किंवा मामाचा क्रमांक पडतो. लिपिकाने त्रुटी काढून अर्ज परत पाठवला की संदेश त्या क्रमांकावर जातो आणि अर्ज तसाच पडून राहतो. तिसरी अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची. तहसीलचा दाखला मुदत संपलेला निघतो आणि नवा काढेपर्यंत तारीख टळते. चौथी नूतनीकरणाची: दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप पुढे जातो असे धरून अनेक जण तो गेला की नाही ते तपासतही नाहीत.

या चारही गोष्टी प्रवेशाच्या खिडकीवरच तपासता येतात. खाते सीडिंग झाले आहे का ते आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसते. प्रवेशाच्या दिवशी विद्यार्थी मोबाइल आणि कागद घेऊन समोर उभाच असतो. त्या दिवशी न केलेले दोन मिनिटांचे काम पुढे सहा महिन्यांची रखडपट्टी होते.

राहण्याचा प्रश्नही पैशापेक्षा तारखेचाच आहे. शासकीय वसतिगृहाची यादी बहुतेकदा महाविद्यालय सुरू झाल्यावर लागते. ज्यांना वसतिगृह मिळत नाही त्यांच्यासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयं या योजना आहेत. स्वाधारमध्ये नाशिकसारख्या महापालिका क्षेत्रासाठी वर्षाला ५१,००० रुपये ठरले आहेत. रक्कम वाईट नाही. पण खोलीचे डिपॉझिट आणि पहिले भाडे जुलैत द्यायचे असते आणि रक्कम त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी येते. मधले महिने नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत किंवा रोजच्या येण्याजाण्यात जातात. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. सकाळी साडेसातचा पहिला तास या मुलासाठी नसतोच. एसटी विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत देते आणि पास थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याची मोहीमही राबवते. पासची सोय झाली, पहिली गाडी मध्यवर्ती स्थानकावर किती वाजता लागते ते बघून पहिला तास ठेवणे मात्र प्राचार्यांच्या हातात आहे.

भाषेबद्दल थोडक्यात, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. कला आणि वाणिज्यला मराठीत उत्तरे लिहिता येतात. बीएस्सीला मराठी माध्यमाची मुलगी पहिल्या सहा आठवड्यांत संज्ञांच्या ढिगाऱ्याखाली दबते. प्रत्येक विषयाच्या दीडशे-दोनशे संज्ञांची दोन भाषांतली यादी आणि पहिल्या महिन्यात दोन्ही भाषांत शिकवणे, एवढ्याने बरेच सुटते. मुलींचे आणखी एक कारण म्हणजे लग्न. तुळशीच्या लग्नानंतर सराई सुरू होते आणि दुसऱ्या वर्षाची काही नावे उन्हाळ्यापर्यंत पटावरून जातात. लग्न झालेल्या मुलीला सासरच्या गावाजवळच्या महाविद्यालयात बदली कशी मिळते, हे तिला कोणी सांगत नाही. ते सांगणे समुपदेशनाचा भाग आहे, आणि त्याला वेगळा निधी लागत नाही.

'आता नव्या शैक्षणिक धोरणात मध्येच बाहेर पडता येते, मग गळती कसली?' असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. तो तपासून घ्यावा. एका वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे तर पहिल्या वर्षाचे सगळे, म्हणजे ४० ते ४४, श्रेयांक (क्रेडिट) मिळालेले असावे लागतात आणि वर चार श्रेयांकांचे कौशल्याचे काम करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ही सोय उत्तम आहे. पण जो सोडून जातो त्याचे विषय राहिलेले असतात, म्हणूनच तो जातो. त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. चार विषय राहून कारखान्यात गेलेल्या मुलाला 'एक्झिट घेतली' असे म्हणणे म्हणजे गळतीला दिलेले गोंडस नाव आहे. त्याच्या खात्यात जे श्रेयांक जमा झाले ते किती, कुठे दिसतात आणि किती वर्षे चालतात, हे एका कागदावर लिहून त्याच्या हातात देणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य मानले पाहिजे. त्याच कागदावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या जवळच्या अभ्यासकेंद्राचा पत्ताही असावा. १९८९ पासून राज्याचे मुक्त विद्यापीठ आपल्याच शहरात आहे, आणि कॉलेज रोडवरून निसटलेल्या मुलाला गंगापूर धरणाकडच्या त्या विद्यापीठाचा रस्ता कोणी दाखवत नाही, याचे वाईट वाटते.

परदेशातल्या दोन उदाहरणांकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो, कारण त्यांत चमत्कार नाही, फक्त नेटाने केलेली साधी कामे आहेत. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठी असाप नावाचा कार्यक्रम सुरू केला. पूर्णवेळ शिकायचे, ठरलेल्या मार्गदर्शकाला नियमित भेटायचे. बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकांना मदत आणि प्रवासाचा पास मोफत. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना झाली तेव्हा तीन वर्षांत कार्यक्रमातले ४० टक्के आणि बाहेरचे २२ टक्के विद्यार्थी पदवीपर्यंत पोचले. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठात सहा वर्षांत पदवी घेणाऱ्यांचे प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होते; ते पुढे ५० टक्क्यांच्या वर गेले. तिथे काही शे डॉलरच्या बाकीपायी नाव कमी होणाऱ्या मुलांची बाकी विद्यापीठच भरू लागले, आणि कोण मागे पडतो आहे ते रोजच्या नोंदींवरून पाहून सल्लागार स्वतःहून संपर्क करू लागले. न्यूयॉर्कला मेट्रोचा पास आहे, इथे एसटीचा. काम तेच.

खर्चाचे काय? एफवायला ६०० विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयात त्यांतल्या शंभरांना वर्षातून एकदा दोन हजारांची तातडीची मदत द्यायची म्हटली (परीक्षा शुल्क, एका महिन्याचे खोलीभाडे, पासाचे पैसे), तर दोन लाख रुपये लागतात. स्नेहसंमेलनाच्या मांडवाशी ही रक्कम ताडून पाहावी. अडचण माणसांची जास्त आहे. कायम जागा रिकाम्या आहेत आणि शिकवणाऱ्यांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांची नेमणूक सत्र सुरू झाल्यावर होते, मानधन फक्त घेतलेल्या तासांचे मिळते. अशा शिक्षकाच्या नावावर वीस मुलांचे पालकत्व लिहून नॅकची फाइल भरते, पण फोन कोणी करत नाही. मार्गदर्शनाचा एक तास शिकवण्याच्या तासाइतकाच कार्यभारात धरला आणि त्याचे मानधन दिले, तरच ते काम होईल. हा निर्णय शासनाचा आहे आणि तो मागायला हवा.

आणखी एक अडसर कोणी उघड बोलत नाही. तुकड्या आणि कार्यभार पटसंख्येवर ठरतात. गेलेल्या मुलाचे नाव पटावरून काढले तर तुकडी धोक्यात येते, तुकडी गेली तर कोणाची तरी नोकरी. म्हणून पुष्कळदा नावे राहतात, मुले नसतात. हे अप्रामाणिकपणाने होत नाही, भीतीपोटी होते. ती भीती काढायची तर पहिली तीन वर्षे जाहीर झालेल्या आकड्यांवरून कोणतीही तुकडी बंद होणार नाही, असे लेखी आश्वासन उच्च शिक्षण विभागाने द्यावे. आकड्यासाठी प्राध्यापक मुलांना ढकलून पास करतील, ही शंकाही घेतली जाते. लेखी परीक्षा विद्यापीठाची आहे. अंतर्गत गुण आणि लेखी गुण शेजारी शेजारी छापले की फुगवटा लगेच दिसतो.

या वर्षी कुठल्याही शासन निर्णयाची वाट न पाहता एक काम करता येईल. दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यालयातले ते कपाट उघडून मागच्या तीन वर्षांचे न नेलेले दाखले बाहेर काढायचे. प्रत्येकावर नाव आहे, गाव आहे, जन्मतारीख आहे. प्रवेश अर्जावर पालकाचा क्रमांक आहे. किती विषय राहिलेत ते परीक्षा विभागाकडून घ्यायचे, आणि ज्याचे एक किंवा दोनच राहिलेत त्याला पहिला फोन लावायचा.